प्रिसिजन टी१६५० + लिब्रेबूट: घरच्या केव्हीएम मशीनचा वापरानंतरचा अनुभव

घरी व्हीएमसाठी (एका मशीनमध्ये चालणारी आभासी मशीनं; मी ती लिनक्सच्या केव्हीएमवर चालवतो) वेगळं मशीन हवं आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, तेही ओपन सोर्स हवं, अशा दोन अटी एकत्र घातल्या की यादी फार लवकर संपते. एमएसआयच्या प्रो झेड६९०-ए बोर्डवर दशारो हे खुलं फर्मवेअर चालतं, पण रॅम सुरू करण्याचं काम तिथे एफएसपी या इंटेलच्या बंद कोडकडेच राहतं. टॅलोस टू या बोर्डचं फर्मवेअर सगळं खुलं, पण किंमत खिशाबाहेरची, शिवाय प्रोसेसर इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीचा, आयबीएमचा पॉवर९. म्हणजे केव्हीएमवर विंडोजचा व्हीएम विसराच. दोन ऑप्टेरॉन आणि सोळा रॅम स्लॉटवाला एसूस केजीपीई-डी१६ अजूनही मोह पाडतो, पण कोरबूट या खुल्या फर्मवेअर प्रकल्पाच्या मुख्य शाखेतून तो ४.११ आवृत्तीनंतर गेला, आणि राहत्या घरात त्याचा आवाज आणि विजेचं बिल कोण सोसणार?

शेवटी घेतला डेलचा प्रिसिजन टी१६५०, २०१२ सालचं वर्कस्टेशन, आणि त्यात टाकलं लिब्रेबूट, म्हणजे कोरबूटवर आधारलेलं तयार फर्मवेअर. कंपन्या जुना माल काढतात तेव्हा लॅमिंग्टन रोडवर असली मशीनं येतात. प्रोसेसर, रॅम, नेटवर्क कार्ड सगळं धरून २० हजारांच्या आत बसलं.

इतकं जुनं कशाला? कारण इंटेलच्या आयव्ही ब्रिज या पिढीत (यातला प्रोसेसर त्याच पिढीचा) कोरबूट रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे सुरू होताना रॅम जुळवून घेणं, स्वतःच्या कोडने करतं, इंटेलचा ब्लॉब (सोर्स न दिलेला बंद तुकडा) लागत नाही. स्क्रीन सुरू करायला लिबजीएफएक्सइनिट आहे, तेही खुलं (आणि चक्क एडाच्या कुळातल्या स्पार्क भाषेत लिहिलेलं). मॅनेजमेंट इंजिन (एमई), म्हणजे चिपसेटमधल्या इंटेलच्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचं बंद फर्मवेअर, मात्र पूर्ण काढता येत नाही. काढलंत तर मशीन अर्ध्या तासाने स्वतःहून बंद पडतं. एमई_क्लीनर (me_cleaner) हा प्रोग्राम त्यातले सुरुवातीचे जरुरीचे भाग ठेवतो आणि बाकीचं उडवतो. पंख्याचा ताबा असलेल्या एससीएच५५४५ चिपचं फर्मवेअरही बंदच आहे. थोडक्यात, शंभर टक्के खुलं मशीन हवं असेल तर हे ते नाही.

विकत घेणाऱ्यांनी प्रोसेसर नीट बघावा. दुकानदार ‘व्हीटी सपोर्ट आहे’ म्हणतो तेव्हा तो व्हीटी-एक्सबद्दल, म्हणजे व्हीएम चालवण्याच्या मूळ सोयीबद्दल, बोलत असतो. व्हीएमला पीसीआय कार्ड थेट द्यायचं तर व्हीटी-डी लागतं, आणि तिथे गंमत आहे: आय७-३७७० मध्ये ते आहे, पण त्याच्याहून महाग ३७७०के मध्ये नाही. आय३-३२२० मध्येही नाही. मी झिऑन ई३-१२४५ व्ही२ टाकला. चार कोर, आठ थ्रेड, व्हीटी-डी, आणि शेवटी ५ असल्यामुळे आत ग्राफिक्सही. १२४० व्ही२ घेतलात तर वेगळं ग्राफिक्स कार्ड आलंच. रॅम जास्तीत जास्त ३२ जीबी, डीडीआर३.

फ्लॅशिंगची, म्हणजे बोर्डवरच्या फ्लॅश चिपांत नवं फर्मवेअर लिहिण्याची, भीती वाटते तेवढं ते अवघड नाही. बोर्डवर ‘सर्व्हिस मोड’ लिहिलेल्या दोन पिना आहेत. त्यांवर जंपर लावून मशीन चालू केलं की फ्लॅशचं कुलूप निघतं, आणि लिनक्समधूनच फ्लॅशप्रॉग हा लिहिण्याचा प्रोग्राम चालवता येतो. फ्लॅश १२ एमबीचा, दोन चिपांत वाटलेला. आधी मूळ रॉम (चिपांतला सगळा मजकूर) दोनदा वाचा, दोन्ही फायली सारख्याच आहेत हे चेकसमने ताडून बघा आणि एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. लिब्रेबूटच्या तयार रॉममधून इंटेलचे वगैरे तुकडे काढलेले असतात. ते त्यांच्या स्क्रिप्टने परत घालायचे, मगच फ्लॅश करायचं. ही पायरी गाळली तर मशीन उठणार नाही. फसलंच तर बाहेरून लिहिण्यासाठी रास्पबेरी पाय पिको आणि क्लिप जवळ असू द्या. काळ्या रंगाचा स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामर घेऊ नका, तो डेटा लाइनवर ५ व्होल्ट सोडतो आणि या चिपा ३.३ व्होल्टच्या आहेत.

आता रोजच्या वापरात काय फरक पडला? डेलच्या मूळ बायोसला एनव्हीएमई (पीसीआयवर चालणारी वेगवान एसएसडी) माहीतच नव्हतं. लिब्रेबूटबरोबर येणाऱ्या सीबायोस या खुल्या बायोसमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे साध्या अडॅप्टरवरच्या एनव्हीएमईवरून डेबियन सरळ बूट होतं. दुसरं, लिनक्स सुरू करणारा ग्रब थेट फ्लॅशमध्ये असल्यामुळे बूट विभागासकट सगळी डिस्क एन्क्रिप्ट करता आली. खुल्या फर्मवेअरच्या तत्त्वावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर या दोन गोष्टींनीच पैसे वसूल झाले.

आयओएमएमयू ग्रुपबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. एका ग्रुपमधली सगळी कार्डं मिळून एकाच व्हीएमला देता येतात. या झिऑनच्या स्वतःच्या पीसीआय पोर्टांना एसीएस (कार्डं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) नाही, म्हणून थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटांत दोन कार्डं लावली तर दोन्ही एकाच ग्रुपमध्ये जातात आणि वेगवेगळ्या व्हीएमना देता येत नाहीत. चिपसेटच्या स्लॉटांचं तसं नाही. लिनक्स कर्नलमध्ये त्यांच्यासाठी खास क्वर्क (ठरावीक हार्डवेअरसाठी केलेली वेगळी तजवीज) आहे, त्यामुळे ते वेगळे पडतात. म्हणून एनव्हीएमई प्रोसेसरच्या मोठ्या स्लॉटमध्ये आणि इंटेल आय३५० नेटवर्क कार्ड चिपसेटच्या स्लॉटमध्ये, अशी मांडणी केली. ते कार्ड ओपीएनसेन्स या राउटर सॉफ्टवेअरच्या व्हीएमकडे आहे आणि घरचं सगळं इंटरनेट तिथून जातं. एकदा बसवल्यावर त्याकडे पुन्हा बघावं लागलेलं नाही. एसीएस ओव्हरराइडचा पॅच फिरतो, पण तो ग्रुप फक्त कागदावर वेगळे करतो. राउटरच्या मशीनवर तरी मी तो लावणार नाही.

वीज: व्हीएम निवांत असताना प्लगवरचा मीटर ४० वॉटच्या आसपास दाखवतो, म्हणजे महिन्याला साधारण २९ युनिट. आवाज झोपायच्या खोलीतही चालेल इतका.

खटकणारं सांगायचं तर दोन गोष्टी. एक सुरक्षेची. इंटेलने या पिढीला नवे मायक्रोकोड (प्रोसेसरमधल्या चुका दुरुस्त करणारे अपडेट) देणं कधीच थांबवलंय. कर्नलला विचारलं तर २०२० साली उघड झालेल्या एसआरबीडीएस या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीपुढे सरळ ‘व्हल्नरेबल: नो मायक्रोकोड’ असं येतं. एल१टीएफ या दुसऱ्या त्रुटीमुळे मी हायपरथ्रेडिंगही (एका कोरवर दोन थ्रेड चालवणं) बंद ठेवलंय, म्हणजे आठ थ्रेड नावालाच. घरच्या व्हीएमना हे चालून जातं. पण परक्या माणसाला व्हीएम भाड्याने द्यायचा असेल तर हे मशीन त्या कामाचं नाही, फर्मवेअर कितीही खुलं असो.

दुसरी गोष्ट आता जास्त टोचते. आयव्ही ब्रिजमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच नाही, आणि २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० या लिनक्सला एक्स८६-६४-व्ही३, म्हणजे एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर लागतो. व्हीएममध्ये टाकलं तरी ते चालत नाही, कारण प्रोसेसरमध्ये नसलेली सूचना केव्हीएम कुठून आणणार? रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्स १० ची व्ही२, म्हणजे जुन्या प्रोसेसरांसाठीची, वेगळी आवृत्ती निघाली म्हणून सध्या त्यावर भागतंय. ऑफिसच्या कामासाठी खरं रेड हॅट १० च लागत असेल, तर एफएसपीचा ब्लॉब मान्य करून दशारोवाला बोर्ड घ्या.