वर्षभराचा स्पोर्ट्स पॅक: पैसे पूर्ण भरले, खेळ अर्धाच दिसला

मी धाराशिवला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नाआधी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळले. घरात नवरा, सातवीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. चौघांनाही खेळ बघायचं वेड आहे, म्हणून गेल्या दसऱ्याला डिशचा स्पोर्ट्स पॅक आणि मोबाईलवरचं एक ॲप, दोन्ही वर्षासाठी घेतलं. सगळं मिळून 6,000 रुपयांच्या पुढं गेलं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. शेजारीपाजारी वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं आहेत आणि तक्रार सगळ्यांची हीच आहे.

चित्र चांगलं आहे, हे आधी सांगते. चेंडूची शिवण दिसते, स्लो मोशनमध्ये मनगट कसं वळलं तेही कळतं. कबड्डी तर फारच छान दाखवतात. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून दाखवणाऱ्यांनी या खेळावर मेहनत घेतली आहे. चढाईचे 30 सेकंद पडद्यावर मोजले जातात, अख्खं मैदान एका नजरेत येतं, कोपरा रक्षक कधी आत सरकला ते मागूनही दिसतं. मामांनी जन्मभर मातीवरची कबड्डी बघितली. तेही म्हणतात, "हे बरं दाखवायलेत." म्हणजे मनात आणलं तर यांना येतं.

क्रिकेटला मात्र जाहिरातींनी पार कुरतडून टाकलंय. षटकाचा सहावा चेंडू पडतो, फलंदाज धाव घेतो आणि क्षेत्ररक्षकाची फेक यष्टिरक्षकाच्या हातात पोचायच्या आत पडद्यावर सिमेंट येतं. मामांना दोन षटकांच्या मधलाच वेळ बघायचा असतो. कर्णधार कुणाला हाक मारतोय, स्लिप काढली का, फिरकीवाला हात झटकायला लागला का. त्यांच्या मते डोक्याचा खेळ तिथं असतो. परत चित्र येतं तोवर गोलंदाज अर्धा धावत आलेला असतो आणि मामा विचारतात, "मिडविकेटचा गडी कुठं गेला?" कुणालाच सांगता येत नाही. गडी बाद झाला की तेच. तो कुणाकडं बघत गेला, पंचाशी काही बोलला का, ते आम्हाला कधी दिसत नाही. हल्ली तर षटक चालू असतानाच चित्र आकसून कोपऱ्यात जातं आणि बाजूनं खालून जाहिरात फिरते. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला 12 मिनिटांची मर्यादा लिहिलेली आहे, त्यातली 2 मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींची. एका रविवारी मुलगी वही घेऊन तास मोजायला बसली होती. आकसलेल्या चित्रातली जाहिरात मोजायची की नाही, यावर तिचं आणि तिच्या बाबांचं भांडण झालं आणि मोजणी तिथंच थांबली.

ॲपवरचं चित्र डिशपेक्षा मागे चालतं. ते टीव्हीला जोडलं की आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावपट्टीच्या टोकाला असतो आणि समोरच्या घरातून "गेला!" असा ओरडा येतो, कारण त्यांचं डिशवर आधी दिसतं. पावसाळ्यात आमची डिश जाते म्हणून ॲप घ्यावं, तर त्यावर शेवटच्या षटकाची सगळी धडधड शेजाऱ्यांकडून आधीच कळलेली असते.

बरेच जण विचारतात ते इथं लिहून ठेवते, कारण मलाही माहीत नव्हतं. माझे चुलत सासरे तुळजापूर तालुक्यात खेड्यात राहतात. त्यांच्याकडं दूरदर्शनची फुकटातली छत्री, डीडी फ्री डिश. भारताचा सामना त्यांना दूरदर्शनवर दिसतो. माझ्या पैशाच्या डिशवरही दूरदर्शनचं चॅनल आहे, पण सामन्याच्या वेळी तिथं सामना नसतो. आधी वाटलं आपली डिश बिघडली, दोनदा मेकॅनिकला बोलावलं. कारण कायद्यात आहे. 2007 च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं, जाहिरातीच्या उत्पन्नात खासगीवाल्यांचा वाटा किमान 75 टक्के आणि प्रसार भारतीचा 25. पण 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शननं स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवावं. केबल आणि खासगी डिशवरच्या दूरदर्शनला ते मिळत नाही. म्हणून ज्याला फक्त भारताचे मोठे सामने बघायचेत त्यानं छत्री बसवावी. एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. मेकॅनिक हे सांगत नाही, त्याचं पोट रिचार्जवर आहे. त्याला मी दोष देत नाही, पण गिऱ्हाइकाला हे कळायला हवं.

आता खो-खो. पॅक मी मुख्यतः यासाठीच घेतला होता.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. 19 तारखेच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 नं हरवलं, मुलांनी 54-36 नं. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली, संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. आमच्या गल्लीत त्या रात्री फटाके वाजले. ज्या खेळासाठी आम्हाला प्रवासखर्च मिळायचा नाही, तो खेळ टीव्हीवर बघून मी रडले. म्हणून ठरवलं, आता या खेळाचं जे जे दाखवतील ते बघायचं.

वर्षभर जे काही तुरळक दिसलं त्यात एकच खोट. कॅमेरा पळणाऱ्या मुलीला चिकटून बसतो. खो-खो तिच्या पायांत नसतो. आमचे सर सांगायचे, पाटीकडं, म्हणजे बसलेल्यांच्या ओळीकडं बघ. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, मध्ये आठ जणी बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर पुढचीचं तिकडं. पळणारीला त्या ओळीतून कुठूनही घुसता येतं, पाठलाग करणारीला येत नाही. तिनं एकदा दिशा धरली की मागं वळायचं नाही, पलीकडं जायचं तर खो द्यायचा. त्यामुळं पाठलाग करणारी डोळ्यानं मोजत असते की तिसऱ्या चौकातली कुठं तोंड करून बसली आहे, तिला आत्ता खो दिला तर ती पळणारीच्या समोर उठेल का पाठीमागं. पळणारीही तेच मोजत असते, म्हणून ती साखळी करत जाते, बसलेल्यांच्या मधून नागमोडी. ही मोजामोज संपूर्ण पाटी दिसली तरच दिसते.

एक सामना माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पळणारी खांबाकडं निघाली होती. तिच्या मागं खो बसला, पाठोपाठ दुसरा. मला माहीत होतं आता काय होणार, मी खुर्चीतून अर्धी उठलेच होते. पाठलाग करणारी खांबाला एका हातानं धरून पलीकडं सूर मारणार. अंग जमिनीला समांतर होतं तेव्हा, बोटांची टोकं पळणारीच्या टाचेला लागतात. आमच्या काळात हे शिकताना ढोपरं सोलायची आणि सर हळद लावायचे. त्याच क्षणी पडद्यावर प्रशिक्षकाचा चेहरा आला, ओरडणारा. परत मैदान दिसलं तेव्हा पळणारी बाहेर चालली होती. मग तो सूर पुन्हा दाखवतील म्हणून वाट बघितली, तर मोटारसायकल आली.

समालोचक हिंदीत "क्या बात है" म्हणत राहतात. खो कुठल्या दिशेनं दिला, ओळीत कोण कच्ची आहे, हे सांगणारा माणूस हवा. तो धाराशिव, सोलापूर, सांगली, कुठंही मिळेल आणि मराठीत बोलेल.

धावण्याच्या शर्यतींचंही असंच. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. 2022 च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं, सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदानं हुकलं. त्यानंतर स्टीपलचेस म्हटलं की आम्ही सगळे टीव्हीसमोर. यात 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. कोण पाण्यात किती खोल उतरला यावरून पुढच्या फेरीत कोण मागं पडणार ते समजतं. मामा बोटांवर फेऱ्या मोजतात. एका स्पर्धेत त्यांची चार बोटं मिटली होती तेव्हा जाहिरात लागली आणि परतल्यावर शेवटच्या फेरीची घंटा वाजत होती. मुळात आठ मिनिटांची शर्यत, त्यात विश्रांती कसली? मामांनी हात खाली ठेवला आणि काही बोलले नाहीत.

ग्राहक सेवेला फोन केला. मराठीसाठीचं बटण दाबलं, हिंदी आलं. फोनवरची मुलगी नम्र होती, पण तिच्याकडं तक्रारीचे प्रकार ठरलेले: चित्र येत नाही, आवाज येत नाही, पैसे कापले. "शर्यत मधूनच तोडली" हा प्रकार तिच्या यादीत नव्हता. तिनं "चित्र येत नाही" असं नोंदवलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस छत्री हलवायला आला.

डिसेंबरात आमच्या शाळेच्या मैदानावर तालुक्याचे सामने झाले. माझ्या मुलीनं शाळेच्या गच्चीवर कठड्याला मोबाईल बांधला, माझ्या ओढणीनं, आणि अंतिम सामना तसाच सोडून दिला. रात्री तो टीव्हीला जोडून बघितला. चित्र जरा थरथरत होतं, आवाजात वारा होता. पण दोन्ही खांब आणि सगळी पाटी समोर होती. मामा पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "आता दिसायलंय." नऊ मिनिटांचा डाव त्यांनी तीनदा लावायला सांगितला.

माझ्याकडून पाचपैकी दोन तारे, तेही चित्रासाठी आणि कबड्डीसाठी. वर्षाचा पॅक कुणी घेऊ नका. कबड्डीचा मोसम असेल तेव्हा महिन्यापुरता भरा आणि खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी आधी बंद करा, ती सेटिंगमध्ये बरीच आत आहे. माझी मुदत या महिन्यात संपते. चुलत सासऱ्यांकडं आहे तशी छत्री घ्यायला मामा आणि मी शनिवारी बाजारात जाणार आहोत.