बोर्डवर दांडा धरायचा तर कॅमेरा कुठला? साधा ॲक्शन कॅमेरा की ३६०?

स्नोबोर्डवरून उतरताना स्वतःलाच टिपायचं असेल तर हातात दांडा, म्हणजे सेल्फी स्टिक, धरण्यावाचून फारसा मार्ग नाही. हेल्मेटवर कॅमेरा लावला की समोरचा उतार आणि बोर्डाचं टोक दिसतं, आपण कुठेच नाही. छातीवर लावावा तर बोर्डवर आपण आडवे उभे, त्यामुळे तो निम्मा वेळ बाजूची झाडं मोजत बसतो. मित्राला मागून शूट करायला सांगावं तर तो आपल्यापेक्षा बरा बोर्डर हवा, आणि असे मित्र ताजी पावडर, म्हणजे भुसभुशीत बर्फ, पडलेल्या दिवशी कुणासाठी थांबत नाहीत. ड्रोनचं म्हणाल तर मी जिथे बोर्डवर उतरतो ते गुलमर्ग नियंत्रण रेषेला लागून आहे. परवानगीशिवाय तिथे तो पेटीतून बाहेरही काढू नये.

राहता राहिला दांडा. स्कीवाल्यांचे दोन्ही हात काठ्यांत अडकलेले असतात, आपले मोकळे असतात, तेवढं एक सुख. प्रश्न एवढाच की दांड्याच्या टोकाला काय बसवायचं: नेहमीचा एका लेन्सचा ॲक्शन कॅमेरा, की पाठीला पाठ लावलेल्या दोन लेन्सचा, चहूबाजूंचं एकदम टिपणारा ३६०? मी गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या उतारांवर दोन्ही फिरवले आहेत. माझा कल एकीकडे आहे, तो पुढे कळेलच. पण दुसरा घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

चित्राच्या बाबतीत साधा कॅमेरा सरस आहे, हे आधीच मान्य करतो. ३६०च्या खोक्यावर ८के लिहिलेलं असतं, पण ते पिक्सेल सगळ्या गोलात वाटले जातात. पूर्ण फेरीला ७,६८० पिक्सेल, म्हणजे त्यातून ९० अंशांचा तुकडा कापला की रुंदीला उरले १,९२०. फोनवर बघायला पुष्कळ झाले, घरच्या मोठ्या टीव्हीवर मात्र फरक जाणवतो. कोंगडोरीच्या, म्हणजे गोंडोलाच्या (रोपवेच्या) मधल्या स्थानकाच्या, खाली झाडीतून उतरताना ढग आले की ३६०चं चित्र आणखी मऊ पडतं, देवदारांच्या फांद्या एकमेकींत मिसळतात. साधा कॅमेरा तिथेही बऱ्यापैकी तग धरतो. दांडा खाली नेऊन बर्फाला जवळजवळ टेकवायचा आणि टोसाइड (पायाच्या बोटांकडच्या कडेवरच्या) वळणावर उडणारी पावडर लेन्ससमोरून जाऊ द्यायची, हे दृश्य साध्या कॅमेऱ्याने जसं घेतलं तसं ३६०ने मला कधी दिलं नाही.

संध्याकाळचंही तेच. साध्या कॅमेऱ्यातली क्लिप काढली, दोन्ही टोकं कापली, घरच्या ग्रुपवर टाकली, की कहवा यायच्या आत काम संपतं. ३६०चं खरं काम तेव्हा सुरू होतं. ॲपमध्ये प्रत्येक क्लिप उघडायची, गोलातला कुठला तुकडा हवा ते ठरवायचं, वळणावळणाला चौकट फिरवायची, मग एक्सपोर्ट. फोन तापतो, बॅटरी उतरते, हॉटेलातल्या एकुलत्या एक प्लगवर बूट सुकवायचा हीटर आधीच लागलेला असतो. ज्याला हे करण्याचा कंटाळा आहे त्याने ३६०च्या वाटेला जाऊ नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. न उघडलेल्या क्लिप्सचा ढीग घेऊन पुण्याला परतणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि त्या लेन्स! बेडकाच्या डोळ्यांसारख्या दोन्हीकडून बाहेर आलेल्या. पडलो की आधी गुडघे नाही, लेन्स तपासायची सवय लागते. मऊ बर्फाचं काही वाटत नाही, पण चेअरलिफ्टचा दांडा, दुसऱ्याच्या बोर्डाची एज, म्हणजे धारदार कड, गोठलेला ट्रॅक यांची धास्ती असते. २०२५मध्ये आलेल्या इन्स्टा३६० एक्स५ची लेन्स घरी बदलता येते, तेव्हा हे दुखणं आता थोडं हलकं झालंय.

एवढं सगळं साध्या कॅमेऱ्याच्या पारड्यात टाकूनही तो मी दांड्यावरून उतरवला, तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपायी. गोल दांडा हातमोज्यात फिरतो.

हे दुकानात कळत नाही. तिथे उघड्या मुठीत दांडा घट्ट बसतो. वर, चिल्ले कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या सगळ्यात कडक चाळीस दिवसांच्या थंडीत, जाड मिटनच्या (चार बोटं एकत्र असलेल्या हातमोज्याच्या) आत बोटांना दांडा आहे एवढंच कळतं, कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. मिटनचा तळवा बर्फाने ओला झालेला असतो. टोकाला बसवलेला कॅमेरा मधोमध तोललेला नसतो, त्यामुळे प्रत्येक वळणाला तो दांड्याला थोडा पीळ देतो. वेग घेतला की वारा त्याचं चपटं अंग ढकलतो. सुरुवातीला मी चौकटीच्या मध्यात असतो, चार वळणांनी कडेला, मग नुसता खांदा, मग माझ्याशी काही संबंध नसलेला डोंगर. होरायझन लॉक क्षितिज सरळ ठेवतो, पण कॅमेऱ्याचं तोंड तुमच्याकडे वळवत नाही. अफरवटवरून, म्हणजे सुमारे ३,९५० मीटरवरून, खालपर्यंतची आख्खी धाव आणि फुटेजमध्ये निळंभोर आकाश. अतिशय स्थिर, सुरेख क्षितिजाचं.

उपाय करून पाहिले. मुठीखाली चिकटपट्टीची जाड कड बसवली, अंगठ्याला दिशा कळावी म्हणून. लायनरमधून, म्हणजे आतल्या पातळ मोज्यातून, ती जाणवते, मिटनमधून नाही. पिस्तुलासारख्या मुठीचा दांडा घेतला तर फिरणं थांबतं, पण मनगट एकाच कोनात अडकतं. लेन्स सगळ्यात वाइडवर ठेवली तर आपण चौकटीत टिकतो खरे, मात्र हात घोरपडीएवढा दिसतो आणि ज्या उतारावर पाय लटपटले तो मैदानासारखा सपाट दिसतो.

शेवटी उरतं ते मधूनमधून वर बघून कॅमेरा आपल्याकडे आहे ना याची खात्री करणं. आणि बोर्डवर हेच करायचं नसतं. नजर जाते तिकडे खांदे जातात, खांद्यांमागे बोर्ड. मागच्या हातात दांडा धरून मागे वळून बघितलं की खांदे उघडतात आणि टोसाइडला जाणारी एज सुटते. माझं वळण व्हिडिओत दिसतं त्यापेक्षा बरं आहे असं मी म्हणणार नाही, पण कॅमेऱ्याकडे बघताना ते आणखी बिघडतं, हे नक्की.

३६०ला तोंडच नाही, म्हणून हा सगळा प्रश्नच मिटतो. दांडा कसाही फिरो, दोन्ही लेन्स मिळून सगळंच घेतात, चौकट रात्री ठरते. पुढच्या हातात दांडा धरायचा, थोडा उंच, आणि विसरून जायचं. खांदे बोर्डाच्या रेषेत राहतात. दांडा दोन लेन्सच्या मधल्या पट्टीत येत असल्यामुळे चित्रं जोडताना गायब होतो आणि कुणीतरी बरोबर हवेतून शूट करत उतरलंय असं वाटतं. फक्त तो कॅमेऱ्याच्या सरळ रेषेत हवा, मध्ये वाकवणारा सांधा लावला की दिसायला लागतो. आणि उन्हात त्याची सावली राहतेच. पांढऱ्या बर्फावर माझी सावली, हातात लांब काठी, आणि खुद्द माझ्या हातात मात्र काहीच नाही. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

थंडीपुढे दोघेही जवळजवळ सारखेच. लिथियमची बॅटरी गारठ्यात लवकर हात टेकते, ३६० जरा आधी, कारण त्याला दोन सेन्सर चालवायचे असतात. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. कांगडीवर (काश्मिरी निखाऱ्यांच्या शेगडीवर) शेकू नका, गाईड गमतीने सुचवतो तरीही. गोंडोलाच्या केबिनमध्ये सहा जणांच्या श्वासांची वाफ असते, कॅमेरा तिथे जॅकेटबाहेर काढू नये, लेन्सवर दव धरतं आणि वर गेल्यावर गोठतं. टचस्क्रीन मिटनने चालत नाही, तेव्हा एका बटणाने रेकॉर्डिंग सुरू होईल अशी सेटिंग खालीच करून ठेवा.

दांडा फार लांब घेऊ नका. सव्वा मीटरच्या आसपासचा पुरतो. तीन मीटरवाल्याने दृश्य झकास येतं, पण वाऱ्यात तो वाकतो आणि झाडीत तर नकोच. स्नोबोर्डवाल्यांचं मनगट आधीच धोक्यात असतं, पडताना पंजा टेकू नये म्हणून शिकवतात. दोरी मनगटाला आवळून बांधू नका, ओढ बसली की सुटेल अशी ठेवा. बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारे पट्टे) बांधायला बसाल तेव्हा दांडा कॅमेरा वर करून बर्फात रोवा. उलटा रोवला तर स्क्रूच्या आट्यांत बर्फ गच्च बसतो आणि मग कॅमेरा निघता निघत नाही.

झाडीतच जास्त उतरणार असाल, किंवा संध्याकाळी फोनशी झटापट नको असेल, तर साधाच घ्या, पिस्तुली मुठीसह. बाकीच्यांनी निदान या मोसमापुरता ३६० भाड्याने आणून बघावा, पुण्या-मुंबईत मिळतो. मेमरी कार्ड मात्र स्वतःचं न्या, व्ही३० (हा कार्डाच्या वेगाचा दर्जा) लिहिलेलं, आणि निघण्याआधी घरीच फॉरमॅट करून घ्या.