नेपाळमधल्या मुलांसाठी देणगी: छोटी संस्था, मोठी संस्था की अनाथालय?

वाढदिवसाला हॉटेलात पैसे उडवण्यापेक्षा नेपाळमधल्या एखाद्या मुलाचा खर्च उचलू, असं लंडनपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत बोललं जातं. मग पर्याय समोर येतात दोन. एक छोटी संस्था: चार-पाच जणांनी नोकऱ्या सांभाळून चालवलेली, पगार कुणालाच नाही, ट्रेकला गेल्यावर काठमांडूतलं एखादं बालगृह, म्हणजे अनाथालय, पाहिलं आणि तिथून सुरू झालेली. दुसरी वर्ल्ड व्हिजन किंवा एसओएस बालग्रामसारखी, देशोदेशी पसरलेली. छोटी की मोठी हे मागाहून ठरवा. आधी एवढंच विचारा, की तुमच्या पैशावर वाढणारं मूल रात्री बालगृहात झोपतं की स्वतःच्या घरी?

नेपाळच्या बाबतीत हे विचारायलाच हवं. १९९६ ते २००६ या माओवादी यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरत होते. हुमलाचं मुख्य ठाणं सिमीकोट. तिथं गाडीरस्ता नव्हता, विमानाने जा नाहीतर चालत. बंडखोर पोरांना उचलून नेतील ही धास्ती होतीच. ‘काठमांडूला चांगल्या शाळेत घालतो’ असं सांगून दलालांनी आईबापांकडून वर पैसे घेतले आणि मुलं नेली. पुढे कागदोपत्री आईबाप मेलेले दाखवले, की मूल अनाथ झालं आणि देणगीदाराला दाखवायला तयार. कॉनर ग्रेनन या अमेरिकन तरुणाने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली ती अशाच मुलांची घरं शोधून काढण्यासाठी.

बालगृहांचा नकाशाही बोलका आहे. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे गेंड्यांची सफारी. सगळ्यात गरीब जिल्हे यात नाहीत. पर्यटकांच्या गर्दीचे जिल्हे मात्र आहेत. जगभरात बालगृहांतल्या सुमारे ८० टक्के मुलांची आई किंवा वडील हयात असतात, असं लुमोस ही संस्था सांगते. नेपाळच्या २०१८ च्या बालकायद्यातही आधी नातेवाईक, मग सांभाळायला तयार असलेलं दुसरं कुटुंब आणि अगदी शेवटी बालगृह, असाच क्रम आहे.

म्हणून बालगृह चालवणारी छोटी संस्था माझ्या यादीत सगळ्यात खाली. तिथली माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, बहुतेक जण जीव तोडून काम करतात. पण बेडचा खर्च उचलणारा देणगीदार मिळाला की बेड भरावे लागतात, आणि गावात ‘तिथं फुकट शिक्षण मिळतं’ ही बातमी पोचायला वेळ लागत नाही. अशा संस्थेलाच द्यायचं असेल तर विचारा: गेल्या पाच वर्षांत किती मुलं घरी परत गेली? उत्तर ‘एकही नाही, सगळी आमच्याकडेच सुखात आहेत’ असं आलं, तर मी पुढे जाणार नाही.

याउलट छोटी संस्था मुलाला घरीच ठेवून शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तकं आणि विधवा आईला शिलाई मशीन किंवा शेळ्या देत असेल, तर तिथं मी डोळे उघडे ठेवून पण आनंदाने पैसे देईन. इथं छोटेपणाचा खरा फायदा दिसतो. ट्रस्टीला मुलं नावाने माहीत असतात, सुनीता आठवीत नापास झाली तर का झाली हे फोनवर कळतं, आणि भूकंपासारखं काही घडलं तर मुख्यालयाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

पण ‘१०० टक्के पैसा थेट मुलांना’ या वाक्यावर भाळू नका. इंग्लंडमधले ट्रस्टी बिनपगारी असणं ठीक. नेपाळमध्ये मात्र घरोघर जाणारी, दारूडा काका त्रास देतो का हे मुलीला एकटीला गाठून विचारणारी, शाळेतली हजेरी तपासणारी समाजसेविका पगारी असलीच पाहिजे. तो खर्च नाही म्हणजे बहुधा ते कामच होत नाही. दुसरा कच्चा दुवा टिकण्याचा. सहा वर्षांच्या मुलाची जबाबदारी घेतली की ती बारा वर्षांची असते. संस्थापक आजारी पडला किंवा त्याची नोकरी गेली तर पुढे कोण, आणि निदान वर्षभराची फी बाजूला ठेवलेली आहे का? हे तोंडावर विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच.

मोठ्या संस्था इथं सरळ बाजी मारतात. वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्था आहे, हे काहींना खटकेल, काहींना नाही. माहीत असलेलं बरं. तिच्या बालप्रायोजकत्वात फोटो आणि पत्र एका मुलाचं येतं, पण पैसा बराचसा गावाच्या पाणी-शाळा-आरोग्याच्या कामांत जातो. मला ते जास्त पटतं. फक्त ‘माझं मूल’ या भावनेने देणाऱ्याने हे समजून द्यावं. एसओएसची सुरुवात १९४९ मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्टला झाली. तिथली पद्धत एका घरात थोडी मुलं आणि त्यांना सांभाळणारी एक आई अशी. पुण्यातही त्यांचं बालग्राम आहे. नाव मोठं म्हणजे निर्धोक असंही नाही. काही देशांतल्या आपल्या बालग्रामांत मुलांच्या सुरक्षिततेत पूर्वी गंभीर त्रुटी राहिल्या, हे एसओएसनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आणि स्वतंत्र आयोग नेमला. ते बाहेर आलं, चौकशी लागली, ही मोठेपणाची किंमत आणि फायदा दोन्ही. छोट्या संस्थेत तक्रार ऐकणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दोघे एकाच जेवणाच्या टेबलावर असू शकतात.

‘पैसे नकोत, आमची मुलगी सुट्टीत महिनाभर शिकवायला जाईल’ हा प्रस्ताव मला सगळ्यात नापसंत. पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये बिनपगारीसुद्धा काम करता येत नाही. आणि दर महिन्याला नवी ताई येणार, लळा लावणार, निघून जाणार, हे आपल्या घरातल्या मुलाच्या वाट्याला आपण येऊ दिलं असतं का? पोलिस पडताळणीशिवाय कुणालाही मुलांत सोडणारी संस्था यादीतून सरळ खोडा.

आता हिशेब. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला ५,००० पौंडांवर उत्पन्न गेलं की संस्थेला चॅरिटी कमिशन या सरकारी नियामकाकडे नोंदणी करावी लागते. क्रमांक शोधून पाहा. ताळेबंद वेबवर दिसत नसेल तर मागा, तो देणं ट्रस्टींवर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरायला विसरू नका, प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स संस्थेला मिळतात. अमेरिकेत ५०,००० डॉलरपर्यंत उलाढाल असलेली संस्था करखात्याचा ९९०-एन हा एवढासा फॉर्म भरते. त्यातून खर्चाचं काहीच कळत नाही, तेव्हा आकडे थेट संस्थेकडूनच घ्यावे लागतील. नेपाळच्या बाजूला, परदेशी मदत घेणाऱ्या स्थानिक संस्थेला समाज कल्याण परिषदेची मंजुरी आहे का ते पाहा.

महाराष्ट्रात बसून देणार असाल तर परदेशात नोंदलेल्या संस्थेच्या पावतीवर आयकरातली ८०-जीची सवलत मिळत नाही. मोठ्या संस्थेची भारतात नोंदलेली शाखा ती देऊ शकते, पण मग पैसाही सहसा भारतातच खर्च होतो. नेपाळचाच आग्रह नसेल, तर राज्य सरकारची बालसंगोपन योजना याच तत्त्वावर चालते: मूल संस्थेत न घालता कुटुंबात ठेवायचं आणि त्या कुटुंबाला दरमहा मदत द्यायची. तुमच्या तालुक्यात त्या कुटुंबांबरोबर काम करणारी एखादी छोटी संस्था असेल, तर तिलाही वरचेच प्रश्न विचारा. तिथं तुम्ही एसटीने जाऊन उत्तरं पडताळू शकता.