गुंतवणुकीच्या वर्गात गेलेला कापसाचा चुकारा

यवतमाळ जिल्ह्यात माझी सात एकर कोरडवाहू शेती आहे. गेल्या हंगामात कापसाचा चुकारा हाती आला, तेव्हा बचत खात्यात पडून राहिलेला पैसा महागाईने झिजतो हे ठाऊक असल्यामुळे, अर्थशास्त्र आणि शेअर बाजार नीट शिकूनच गुंतवणूक करायची असे मी ठरवले आणि तालुक्याच्या गावी रविवारी भरणाऱ्या एका वर्गात अडीच हजार रुपये भरून नाव घातले.

पहिले तीन रविवार तिथल्या सरांनी जे शिकवले ते सारे खरे होते, आणि त्यानेच माझा घात केला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, वाढला की आपले कर्ज का महागते, हे त्यांनी पीककर्जाचे उदाहरण देऊन समजावले. 72 ला वार्षिक व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे निघतात, हेही त्यांनीच फळ्यावर मांडले, पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या 7.1 टक्क्यांना सुमारे दहा वर्षे, असे उत्तर मी काढले तेव्हा शाबासकी मिळाली. चौथ्या रविवारी त्यांनी एका ॲपवर महिन्याला 6 टक्क्यांची हमी दिली. ते मी त्याच वहीच्या पुढच्या पानावर टिपून घेतले, पण 72 ला 6 ने भागले नाही. भागले असते तर बारा महिन्यांत दुप्पट असे उत्तर आले असते आणि मी तिथेच थांबलो असतो.

भिंतीवर उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले होते. ते कोणत्याही लहान व्यवसायाला मिळते. गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. शिवाय शेअर बाजारात परताव्याची हमी कोणालाच देता येत नाही.

मी 1,80,000 रुपये तीन हप्त्यांत, दर वेळी वेगळ्याच नावाच्या यूपीआय खात्यावर पाठवले. पहिल्या महिन्यात सहा हजार काढता आले. तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, सहा हजार भेटले त सबन काढून पाहा ना एकडाव." मी ऐकले नाही. पुढे मुलीच्या प्रवेशासाठी रक्कम काढायला गेलो, तेव्हा आधी वीस टक्के कर भरा असा संदेश आला. भांडवली नफ्यावरचा कर आपण सरकारकडे भरतो, तो पैसे सोडण्याची अट म्हणून कोणी आगाऊ मागत नाही, हे मला नंतर कळले. ॲपवर माझ्या नावे शेअर दिसत होते, पण लोकांचे शेअर ज्यांच्याकडे नोंदलेले असतात त्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडून कधीच विवरण आले नाही, कारण शेअर ठेवायचे माझे डीमॅट खाते उघडलेच गेले नव्हते.

1930 या सायबर मदत क्रमांकावर मी फसवणूक कळल्यानंतर अकराव्या दिवशी फोन केला. पैसे पाठवल्यावर पहिल्या काही तासांत केला असता तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता होती. लाजेपायी मी दहा दिवस घालवले.

वर्गात आम्ही एकोणीस जण होतो. त्यांपैकी काहींनी अजून घरीही सांगितलेले नाही. त्यांनी यूपीआयच्या नोंदी आणि ॲपवरील संदेश पुसू नयेत, त्यांची चित्रे काढून ठेवावीत आणि पोलीस ठाण्यात यावे. मी सोबत येईन.