कुल्फी, आईस्क्रीम आणि डब्यातली हवा

थंड, गोड आणि दुधाचे, एवढ्यावरच आपण कुल्फी, आईस्क्रीम, जेलाटो (इटालियन पद्धतीचे आईस्क्रीम) आणि ‘फ्रोजन डेझर्ट’ यांना एका माळेत ओवतो. प्रत्यक्षात त्यांत हवा किती आणि स्निग्धांश कोणता, यावर चवीचा बराचसा निकाल लागतो.

मुंबईत गिरगाव चौपाटीसमोरच्या न्यू कुल्फी सेंटरमध्ये कुल्फीचे सुरीने तुकडे करून ते काट्यावर तोलून देतात, आणि दुधाचा थंड पदार्थ विकण्याची ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. आटवलेले दूध न घुसळता साच्यात गोठवलेले असल्यामुळे कुल्फीत हवा जवळजवळ नसते. तुकडा घट्ट लागतो, सावकाश विरघळतो आणि आटीव दुधाची किंचित खरपूस गोडी जिभेवर रेंगाळते. दूध पुरते आटवलेले नसेल, तर मात्र बर्फाचे खडे दाताखाली येतात आणि केशर-पिस्ते घालूनही ते लपत नाहीत.

आईस्क्रीम गोठताना घुसळले जाते आणि त्यात हवा शिरते. ती अजिबात नसती तर चमचा आत गेला नसता, त्यामुळे हवेला सरसकट दोष देणे बरोबर नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. नियमानुसार साध्या आईस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश आणि लिटरमागे किमान 525 ग्रॅम वजन असावे लागते. मूळ मिश्रण लिटरला किलोहून थोडे जास्तच भरते, म्हणजे निम्मा डबा हवेचा असला तरी तो नियमात बसतो. 700 मिलिलिटरचा डबा जेमतेम 368 ग्रॅम भरला तरी चालतो! म्हणून दोन डब्यांची तुलना मिलिलिटरवर न करता वजनावर करावी.

मुंबईतल्याच बोहरी मोहल्ल्यातील ताज आईस्क्रीम या दुकानात बर्फ आणि मिठाने वेढलेल्या सांच्यात, म्हणजे फिरवायच्या डब्यात, आईस्क्रीम हाताने फिरवून करतात. संथ फिरवण्यामुळे हवा कमी शिरते, आणि तिथल्या सीताफळात फळाचा गर जाणवतो, नुसता वास नव्हे. जेलाटोही असाच दाट, पण त्यात सायीपेक्षा दूध अधिक असते आणि तो थोडा कमी थंड वाढतात, त्यामुळे पिस्त्याची किंवा चॉकलेटची चव चटकन कळते. आपल्याकडे त्याची किंमत मात्र बहुतेकदा अवाजवी वाटते.

फ्रोजन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल किंवा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ वापरतात. त्याला आईस्क्रीम म्हणून विकता येत नाही, परंतु वेष्टनावरचे चित्र इतके मोठे असते की ‘फ्रोजन डेझर्ट’ हे दोन शब्द शोधावे लागतात. चॉकलेटचे आवरण असलेल्या कोनात हा फरक फारसा खटकत नाही. साध्या व्हॅनिलात मात्र टाळूला चिकटणारा तेलकटपणा लगेच जाणवतो, आणि त्यासाठी आईस्क्रीमइतकेच पैसे मोजायची माझी तयारी नाही.