अम्मा बसते तिथून सुरू झालेला नकाशा

सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर नगरात आमचं घर आहे. कामगार नेते आडम मास्तर आणि विडी कामगार बायकांच्या लढ्यातून इथं १०,००० घरं उभी राहिली, त्यातल्या एका घराची चावी अम्माला २००६ साली मिळाली. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि पुढं थोडी मोकळी जागा. पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, धाकट्या भावाचंही ठरत आलं, तेव्हा घर वाढवायलाच हवं होतं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथल्याच एकानं दोन आर्किटेक्ट मुलींचं नाव सुचवलं. पहिला टप्पा बांधून झाल्यावर त्या घरात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढले, म्हणून आता त्यांच्या कामाबद्दल लिहितो आहे.

आमच्याकडं घर वाढवायची रीत ठरलेली आहे. ठेकेदार येतो, पावलांनी जागा मोजतो, चौरस फुटाचा दर सांगतो. नकाशा फुकट. पुढची मोकळी जागा कंपाउंडपर्यंत बंद करायची, वर स्लॅब ओतायचा, दर्शनी भिंतीला टाइल्स लावायच्या. गल्लीत बहुतेकांनी असंच केलंय. मधल्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावावी लागते आणि मे महिन्यात पंख्याचा वारा सुद्धा भाजतो.

या दोघी पहिल्यांदा आल्या तेव्हा टेप बाहेर काढायच्या आधी एकीनं विचारलं, “अम्मा, तुम्ही दिवसभर कुठं बसता?” अम्मा विड्या वळते, ती उंबऱ्याशी बसते. पान कापायला उजेड लागतो आणि तंबाखूची धूळ उडून जायला वारा लागतो, म्हणून तिथं. मग त्या तिच्याशेजारीच बसल्या. तेंदूची पानं भिजवून गोणपाटात कशी ठेवते, साचा ठेवून कात्रीनं कशी कापते, मांडीवर सूप घेऊन किती वेळ वाकून असते, मध्ये पाण्यासाठी, पोरीसाठी, गॅससाठी कितीदा उठते, ऊन कधी पायावर येतं, सगळं वहीत लिहून घेतलं. अम्माला मराठीत एखादा शब्द सुचेना झाला की ती तेलुगूत बोलायची. दोघींतली एक सोलापूरच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातच वाढलेली, तिला ते लगेच कळायचं. आजवर या घरात आलेल्या कुठल्याही मिस्त्रीनं, इंजिनिअरनं अम्माला प्रश्न विचारला नव्हता, आणि घरात सगळ्यात जास्त वेळ तीच असते.

नकाशा त्यातूनच निघाला. पुढची जागा बंद न करता तिथं पडवी केली. पडवीत अम्माच्या गुडघ्याच्या मापानं ओटा, पाठ टेकायला भिंतीत उथळ कोनाडा, आणि उजेड डाव्या खांद्यावरून सुपात पडेल अशी खिडकी. पश्चिमेकडं सिमेंटची जाळी खाली ठेवली, समोरच्या भिंतीत अगदी वर झरोके. वारा खालून शिरतो आणि धूळ घेऊन वरून निघतो. पानं भिजवायला कोपऱ्यात छोटी मोरी. कागदावरचा नकाशा अम्माला समजेना, तर त्यांनी फक्कीनं अंगणात पूर्ण मापाचा नकाशा आखला आणि तिला त्यातून चालायला लावलं. स्वयंपाकघराच्या दाराशी ती थांबली आणि म्हणाली, “इथं पातेलं घेऊन वळता येत नाही.” दार तिथंच, त्याच मिनिटाला सरकलं.

पैसे एकदम नव्हते, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून नकाशा तीन टप्प्यांचा आहे. आता पडवी, एक खोली आणि जिना. वरची खोली भावाच्या लग्नाआधी. तिसरा टप्पा माझी मुलगी मोठी होईल तेव्हा. तिन्हींचा भार धरून पाया आणि बीम आत्ताच केले, त्यामुळं पुढं काही फोडावं लागणार नाही. यात अंदाजपंचे काही नाही. इंदूरच्या अरण्य वसाहतीत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी लोकांना जोतं आणि संडास-न्हाणी बांधून दिली आणि पुढचं घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणं वाढवावं अशी रचना केली. २०१८ साली प्रिट्झकर हा आर्किटेक्टांचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला तो याच दोशींना. चिलीत इकीके गावात २००४ साली आर्किटेक्ट आरावेना यांनी ९३ कुटुंबांना अर्धं घर पक्कं बांधून दिलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी सोडली. हे सगळं त्यांनी मला फोटो दाखवून समजावलं. गोदूताई नगरातली घरं पण लोकांनी वाढवलीच आहेत, फक्त त्या वाढण्याचा विचार आधी कुणी केलेला नव्हता, एवढाच फरक.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते जिन्याचं. शेजारच्या अक्कांनाही वर खोली काढायची होती. दोन घरं, दोन जिने, म्हणजे दोन्हीकडची जागा खाल्ली जाणार. या दोघींनी अक्कांना आणि आम्हाला एकत्र बसवलं आणि सामाईक भिंतीच्या रेषेवर एकच जिना सुचवला. भांडणं होतील ही भीती सगळ्यांनाच होती. म्हणून झाडायचं कुणी, खालची जागा कुणाची, पुढं कुणी घर विकलं तर काय, हे सगळं स्टँपपेपरवर लिहून घेतलं. खर्च निम्मा-निम्मा. जिन्याखाली दोन्ही घरांच्या पाण्याच्या टाक्या बसल्या. पाणी रोज येत नाही, त्यामुळं साठवणीची ही जागा आमच्यासाठी एका खोलीइतकी मोलाची आहे. दोन घरांना एकत्र बसवून जिना काढणं हेही आर्किटेक्टचंच काम आहे, हे आमच्या गल्लीनं त्या दिवशी पाहिलं.

भिंतींवरून मात्र रामायण झालं. त्यांनी रॅट ट्रॅप पद्धत सांगितली होती. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ती खूप वापरली. विटा कडेवर उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी ठेवायची. विटा सुमारे पाव भागानं कमी लागतात आणि पोकळीमुळं ऊन आत उशिरा पोचतं. आमच्या गवंड्याला हे पटेना. “पोकळ भिंत टिकते का कुठं?” म्हणत त्यानं पहिल्या थरांत पोकळ्या मसाल्यानं भरून टाकल्या. दुसऱ्या दिवशी दोघींतली धाकटी आली, ते थर उतरवले, ओढणी कमरेला खोचली आणि स्वतः थापी घेऊन कोपरा लावून दाखवला. त्यानंतर गवंडी बदलला नाही, त्याचं काम बदललं. आता तो दुसऱ्या गिऱ्हाइकांना हीच भिंत सुचवतो. किल्लारीचा भूकंप आमच्याकडं अजून कुणी विसरलेलं नाही, म्हणून खिडक्या-दारांवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवून घेतला. त्यावर त्यांनी कुठलीही तडजोड केली नाही.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ला असतो. पूर्वी अम्मा दुपारी काम बाजूला ठेवायची आणि हजार विड्या पुऱ्या करायला रात्री बसायची. यंदा ती दुपारीही पडवीत बसली. स्लॅबला वरून चुना मारलाय, त्याचाही उपयोग आहे. पाठ अजून दुखते, ओट्यानं ती बरी होणार नव्हतीच, पण उठता-बसता भिंत धरावी लागत नाही.

फी १८,००० रुपये, चार हप्त्यांत. चौरस फुटावर फी लावली असती तर इतक्या लहान कामाला कुणी हात लावला नसता, आणि गरीब घरांना आर्किटेक्ट मिळत नाही त्याचं मोठं कारण हेच आहे. यांनी कामावर फी लावली. विटा आणि पुढच्या टप्प्यांची तोडफोड वाचली त्यातच मला ती वसूल झाली असं वाटतं.

तक्रार आहे, आणि ती त्यांनाही सांगितली आहे. वायरिंगचा नकाशा फार उशिरा आला. प्लास्टर झालेल्या दोन भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या, तो खर्च आमच्या अंगावर पडला. दोघीच असल्यामुळं काम साचतं, फोन वेळेवर उचलला जात नाही. माणूस वाढवा किंवा कामं कमी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. यासाठी एक तारा कापून चार देतो.

जवळच रे नगरमध्ये ३०,००० घरांचा प्रकल्प आहे, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. तिथं इमारती आहेत, घर बाहेर वाढवता येत नाही. पण विडी वळायला बसायची जागा, धूळ बाहेर जायची वाट, पानं भिजवायचा कोपरा हे प्रश्न तिथंही तेच आहेत, आणि आतल्या आत बदल करायची कामंही या दोघी घेतात. तिथल्या बहिणींनी जरूर विचारावं.

या दोघींकडं जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी त्या साइटवर असतात. पैसे किती आहेत आणि कधी येणार आहेत ते खरं सांगा, टप्पे त्यावरच ठरतात. वायरिंगचा नकाशा प्लास्टरच्या आधी मागून घ्या. आणि घरात दिवसभर जी बाई असते तिला बरोबर न्या, पहिले प्रश्न तिलाच विचारले जाणार आहेत.