14 महिने रोज मेल यायचा: ‘बॅकअप यशस्वी’

सोमवारी सकाळी ऑफिसात आलो तर सर्व्हरमधून टिकटिक असा आवाज येत होता. हिशेब बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “सर, सॉफ्टवेअर उघडत नाहीये.” खरं सांगतो, मी फारसा घाबरलो नाही. डेटाची डिस्क गेली होती, पण बॅकअप होता. रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी नेहमीसारखा मेलही आलेला होता, ‘बॅकअप यशस्वी’.

आमच्याकडे 16 कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. ड्रॉइंग, हिशेब, पत्रव्यवहार मिळून साधारण 3 टीबी डेटा. बॅकअपचं काम एका व्हेंडरला दिलं होतं: 2 डिस्कचा नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी), त्याची जोडणी आणि वर्षाचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट. बसवला त्या दिवशी त्याने प्रात्यक्षिकही दाखवलं. स्वतःच एक वर्ड फाइल तयार केली, बॉक्सवर कॉपी केली, सर्व्हरवरून उडवली आणि अर्ध्या मिनिटात परत आणून दाखवली. “बघा सर. सगळं गेलं तरी तासाभरात उभं करून देतो.” आम्ही चौघं मागे उभे. एकालाही सुचलं नाही की आमचीच एखादी फाइल उडवायला सांगावी, हिशेबाची, वापरात असलेली. पत्ते त्याचे, पान ओढणाराही तोच, आणि टाळ्या आमच्या.

तर त्या सोमवारी नवी डिस्क आणली, बसवली आणि पहिल्यांदा हिशेबाचा डेटाबेस काढायला गेलो. फाइल जागेवर होती. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या, त्यांनीच विचारलं, “सर, ही तारीख कुठली?” तारीख बॉक्स बसवला त्या दिवसाची होती. त्यानंतर 14 महिन्यांत ती फाइल एकदाही कॉपी झाली नव्हती.

व्हेंडरला फोन लावला. “सर, असं होणार नाही. मेल येत होते ना?”

येत होते. मंगळवारीही आला, 2 वाजून 10 मिनिटांनी, ‘बॅकअप यशस्वी’. ज्या डिस्कचा बॅकअप घ्यायचा ती तेव्हा सर्व्हरमधून काढून माझ्या टेबलावर ठेवलेली होती! तेव्हा मात्र मी सी ड्राइव्हवरची त्याची स्क्रिप्ट, म्हणजे रोज रात्री बॅकअप चालवणारी आज्ञांची फाइल, उघडली. आधीच उघडायला हवी होती. नोटपॅडमध्ये उघडते ती, त्यात काही विद्या लागत नाही.

एकूण 3 ओळी. पहिल्या ओळीत बॉक्सची जोडणी, दुसरीत रोबोकॉपी (विंडोजमधली फाइली कॉपी करणारी आज्ञा), तिसरीत मेल. दुसऱ्या ओळीचं काम झालं की नाही हे बघणारं मध्ये काहीच नाही. रोबोकॉपी काम संपल्यावर एक आकडा परत देते: 8 च्या खाली असेल तर ठीक, 8 किंवा वर असेल तर काहीतरी कॉपी व्हायचं राहिलं. तो आकडा कोणी विचारतच नव्हतं. मेल जायचा तो ‘तिसरी ओळ आली’ एवढ्यासाठी.

पुढची हुशारी त्याहून वरची. उघड्या फाइलपाशी अडली तर रोबोकॉपी मुळात 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून, पुन्हा प्रयत्न करत राहते. तसं झालं असतं तर काम लटकलं असतं आणि आम्हाला कळलं असतं. व्हेंडरने हा पुन्हा प्रयत्नांचा आकडा शून्य करून ठेवला होता. अडली की सोड, पुढे चल. हिशेबाचा डेटाबेस रात्रंदिवस उघडाच असतो, त्यामुळे रोज रात्री ‘एरर 32’, म्हणजे फाइल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे, आणि रोज रात्री पुढे चल. पहिल्या दिवशीची कॉपी झाली कारण तेव्हा त्याने सॉफ्टवेअर बंद केलेलं होतं. विंडोजमध्ये उघड्या फाइलचाही बॅकअप घेता यावा म्हणून शॅडो कॉपीची सोय आहे, डेटाबेसला स्वतःचा बॅकअप काढता येतो, पण त्यासाठी काम करावं लागतं.

त्याच ओळीत मिररचा पर्याय होता. सर्व्हरवरून जे उडेल ते त्याच रात्री बॉक्सवरूनही उडणार, जुनी प्रत नाही. आणि हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला: नव्या डिस्कला योगायोगाने ई हे अक्षर मिळालं होतं. जुनं डी अक्षर मिळालं असतं, तर रात्री 2 वाजता स्क्रिप्टला अर्धवट भरलेला डी ड्राइव्ह दिसला असता आणि तिने बॉक्सवरचं उरलेलं सगळं इमानेइतबारे पुसून टाकलं असतं. वर मेल पाठवला असता. रिस्टोअर करायला बसण्याआधी बॅकअपचं शेड्यूल बंद करायचं असतं, हे मला असं कळलं.

(31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटाबेस चुकून उडाला. बॅकअप बघायला गेले तर ते घेतलेच गेले नव्हते, आणि ते फसत असल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर करून लिहिलं. शेवटी 6 तास जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डेटाच्या त्या वेळच्या प्रतीवर, निभावलं. त्यांच्याकडे वाईट बातमी पोचली नाही, आमच्याकडे खोटी चांगली बातमी पोचत राहिली.)

उरलेला डेटा तरी निघेल म्हणून सोमवारी संध्याकाळीच कॉपी लावली होती. वेग सेकंदाला 11 एमबी. बॉक्स जुन्या 100 मेगाबिटच्या स्विचला जोडून ठेवलेला होता, त्यातून यापेक्षा जास्त येतच नाही. 3 टीबीला 3 दिवस. दहापट वेगाच्या गिगाबिट स्विचवर हेच साधारण 8 तासांत झालं असतं, म्हणजे ‘तासाभरात’ ही थाप कुठल्याही केबलवर थापच होती. पण खरी चूक माझी. फोल्डरांची नावं वर्षांवरून आहेत, मी सगळे एकदम निवडून सोडून दिले, आणि कॉपी 2011 पासून सुरू झाली. ज्यांना आज कोणी विचारत नाही ती ड्रॉइंगं आधी, चालू कामं सगळ्यात शेवटी.

बुधवारी दुपारी बॉक्सची एक डिस्क गेली, आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं.

असं व्हायला नको होतं. बिलावर स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘4 टीबीच्या 2 नवीन डिस्क, रेड 1’. रेड 1 मध्ये दोन्ही डिस्कवर तेच असतं, एक गेली तरी दुसरी चालते. त्याने केलेलं होतं रेड 0, म्हणजे दोन्ही मिळून एक मोठी जागा, एक गेली की दोन्ही गेल्या. आणि हे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होतं! बॉक्सच्या पानावर जागा दाखवत होता 7.2 टीबी. रेड 1 असता तर 3.6 च्या आसपास दिसली असती. मला आठवतंय, मी तेव्हा खूश झालो होतो, की अरे वा, बरीच जागा दिलीय.

दुसरी डिस्क एका ओळखीच्या जाणकाराकडे नेली. डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या नोंदीत चालू तास सुमारे 10 हजार, म्हणजे आमच्या 14 महिन्यांशी जुळणारे. त्याने अजून एक पान काढलं. काही डिस्कमध्ये कंपनीच्या स्वतःच्या वेगळ्या नोंदी असतात, त्यांना फार्म म्हणतात. तिथे तास होते 34 हजारांवर. आमच्याकडे येण्याआधी ती डिस्क पावणेतीन वर्षं कुठेतरी राबलेली होती आणि स्मार्टचा आकडा शून्य करून ‘नवीन’ म्हणून आमच्या गळ्यात मारली होती. 2025 च्या सुरुवातीला अशा वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याची प्रकरणं युरोपात मोठ्या संख्येने बाहेर आली होती, तीही याच नोंदींमुळे. डिस्क घेतल्या की सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरलीय ते बघा. 2 मिनिटांचं काम आहे.

व्हेंडर आता फोन उचलत नाही. काँट्रॅक्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मेल दाखवले की तो तेवढंच दाखवतो. त्याला धरता आलं ते बिलावरच्या ‘नवीन’ आणि ‘रेड 1’ या दोन शब्दांवर. म्हणून सांगतो, असं काही झालं तर रागाच्या भरात बॉक्स फॉरमॅट करू नका. सेटिंगच्या पानांचे, सीरियल नंबरचे फोटो काढा, मूळ स्क्रिप्ट जपून ठेवा. आमची तक्रार त्याच जोरावर उभी आहे.

हिशेबाच्या 14 महिन्यांच्या नोंदी मॅडमनी कागदांवरून पुन्हा घातल्या. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, त्या हे वाचतात.

आता बॅकअपचं मशीन वेगळं आहे आणि ते स्वतः येऊन डेटा ओढून नेतं. सर्व्हरला किंवा आमच्यापैकी कोणाला तिथे लिहिता येत नाही. आधी तोच बॉक्स सगळ्यांच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसायचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं एखादं रॅन्समवेअर आलं असतं तर बॅकअपही त्याच्याच ताटात. जुन्या प्रती 60 दिवस राहतात. एक डिस्क दर शुक्रवारी काढून इमारतीबाहेर जाते. आणि महिन्यातून एकदा तालीम: काय परत आणायचं ते मॅडम ऐन वेळी सांगतात, आम्ही ते रिकाम्या मशीनवर आणतो आणि लागलेला वेळ वहीत लिहितो. नव्या व्हेंडरला पहिला प्रश्न हाच विचारला होता, तालमीला बसशील का. तिघांपैकी दोघांनी ‘त्याची गरज नसते सर’ म्हटलं.

तिसऱ्या महिन्याच्या तालमीत डेटा सगळा आला, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर काही सुरू होईना. लायसन्सची की मागत होतं, आणि ती की सर्व्हरच्या डेस्कटॉपवरच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये होती. डेस्कटॉपचा बॅकअप आम्ही घेतच नव्हतो. आता ती की छापून मॅडमच्या कपाटात ठेवली आहे.